मी वाचून दाखवलेलं पत्र

माझा स्वभाव तसा भित्रा नाही. भाजीवाल्याशी मी हुज्जत घालते, कंडक्टरकडून सुटे पैसे घेतल्याशिवाय बसमधून उतरत नाही, आणि सासूबाईंनाही आयुष्यात दोनदा सुनावलं आहे. पण ज्या माणसाकडे मी अडीच वर्षं स्टेनो म्हणून काम केलं, त्याची मला आजही भीती वाटते. तो माणूस माझ्याशी कधीही आवाज चढवून बोलला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

देशात नवं आर्थिक धोरण आलं होतं तेव्हाची गोष्ट. सिकंदराबादेत गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि दुसरीकडे सरकारी कारखाने विकणार, बंद करणार अशा बातम्या रोज पेपरात येत होत्या. आम्ही विद्यानगरला दोन खोल्यांत राहायचो. माझे यजमान शहराबाहेरच्या एका सरकारी कारखान्यात फिटर होते. तिथे विजेच्या मोटारी बनायच्या. मी सरकारी खात्यात इंग्रजी स्टेनो. माझी नेमणूक झाली एका नेत्याच्या कार्यालयात. गरिबांचे कैवारी म्हणून ते अख्ख्या शहरात ओळखले जायचे, आणि तोट्यातल्या सरकारी कारखान्यांचं पुढे काय करायचं हे सुचवणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. सगळे त्यांना साहेब म्हणत. मीही इथे साहेबच म्हणते.

साहेबांची काम करण्याची एक तऱ्हा होती. त्यांच्या सभेला मी शॉर्टहँडची वही घेऊन व्यासपीठाच्या खाली बसायचं. भाषण उतरवायचंच, शिवाय समासात खुणा करायच्या. टाळ्या पडल्या की फुली, हशा झाला की गोल, बायकांनी पदर डोळ्यांना लावला की आडवी रेघ. परतताना गाडीत ते पुढच्या सीटवरून मागे वळून त्यांच्या दखनी हिंदीत विचारायचे, "अम्मा, आज तालियाँ किधर पड़े?" मग मी वही उघडून सांगायची. एखाद्या वाक्याला फुली नसेल तर ते वाक्य पुढच्या सभेत गायब व्हायचं.

मला याची गंमत वाटायची. खरं सांगायचं तर त्यांचं कौतुकच वाटायचं. बाकीचे पुढारी घरच्या माणसांसमोरही पुढारीच असतात, हा माणूस निदान गाडीत तरी खरा आहे, असं मी यजमानांना सांगायची. एकदा मलकपेठेत सभा झाली. आपण लहानपणी उपाशी झोपायचो असं साहेबांनी इतकं रंगवून सांगितलं की मी वहीवर चार रेघा ओढल्या. त्यांच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. गाडीत ते स्वतःच हसले. म्हणाले, "मैं झूट बोलतूं, अम्मा. मगर मेरेकू मालूम रहता की मैं झूट बोलतूं. जिस दिन मालूम नै रहा, उस दिन मेरे से डरना." मी पण हसले. ड्रायव्हर मात्र हसला नाही.

ड्रायव्हरला बहुधा आमच्या आधीच्या टायपिस्टची आठवण असावी. त्या टायपिस्टने कुणा पेपरवाल्याला साहेबांबद्दल काहीतरी सांगितलं होतं. त्याला कुणी मारलं नाही, नोकरीवरूनही काढलं नाही. फक्त दोन माणसं रोज सकाळी येऊन त्याच्या दाराच्या पायरीवर बसायची आणि संध्याकाळी उठून जायची. आठ दिवस. त्याच्या बायकोने त्यांना चहासुद्धा दिला म्हणे. नवव्या दिवशी तो स्वतःच राजीनामा लिहून गावी निघून गेला. ही हकिगत मला कार्यालयात पहिल्याच आठवड्यात सांगितली गेली, आणि सांगणाऱ्याने ती साहेबांच्या शिपायाच्या देखतच सांगितली, म्हणजे ती मला कळावी अशीच इच्छा होती.

यजमानांच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म वाटले गेले. ठरलेल्या बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत जो फॉर्म देईल त्याला चांगली रक्कम मिळणार होती. त्यानंतर कारखाना बंद झाला तर कायद्यापुरतं काय मिळेल ते. घरात दुसरा विषय नव्हता. यजमानांनी फॉर्म भरून, सही करून, देवाच्या फळीवर ठेवला होता आणि रोज तो काढून बघून परत ठेवायचे.

त्याच आठवड्यात, सोमवारी, साहेबांनी मला आत बोलावलं आणि समितीचं पत्र सांगायला सुरुवात केली. मी खाली मान घालून लिहीत होते. कारखान्याचं नाव आलं. कारखाना चालवण्यात अर्थ नाही, बंद करावा, जे कामगार फॉर्म भरणार नाहीत त्यांना कायद्याबाहेर काही देऊ नये. माझी पेन्सिल कुठेही थांबली नाही, हाताला सवय असते. माझे यजमान तिथे आहेत हे साहेबांना माहीत नव्हतं आणि मी ते कधी सांगितलं नव्हतं. मी टाइप केलं, सही झाली, पत्र गेलं. मला बरंच वाटलं, कारण आता काय करायचं ते स्पष्ट झालं होतं. बुधवारी फॉर्म द्यायचा, विषय संपला.

मंगळवारी दुपारी साहेबांची सभा कारखान्याच्या फाटकापाशीच झाली. कामगारांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. मी नेहमीप्रमाणे वही घेऊन खाली बसले. मी आहे तोवर या फाटकाला कुलूप लागणार नाही, ते म्हणाले. फॉर्म भरू नका, जो फॉर्म भरेल तो आपल्या हाताने भावाच्या पोटावर पाय देईल. आणि ते रडले. मी अडीच वर्षं त्यांचं रडणं समासात नोंदवत आले होते. कुठे घोगरा आवाज निघतो, कुठे चष्मा काढतात, सगळं मला पाठ होतं. हे ते नव्हतं. त्यांचं नाक वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. माझ्या शेजारची बाई हुंदके देत होती. माझेही डोळे भरून आले, पत्र स्वतःच्या हाताने टाइप केलेलं असताना. त्या पानाच्या समासात मी एकही खूण केली नाही.

गाडीत मी वही उघडून वाट बघत बसले. साहेब वळलेच नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "इत्ते लोगां की रोटी छीनते कते, अम्मा. कौन हैं वो लोगां?"

इतक्या लोकांची भाकरी हिसकावतात म्हणे, ते कोण, असं ते मला विचारत होते. मला वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. "मालूम नै, साब," मी म्हणाले आणि वही मिटली.

घरी गेले तर फळीवर फॉर्म नव्हता. यजमानांनी तो घडी घालून खिशात ठेवला होता. फाडायचा का ठेवायचा असं चाललं होतं. मी दार लावलं आणि सगळं सांगितलं. पत्रात काय होतं ते शब्दन् शब्द सांगितलं.

"तू काय बोलायलीस तुला तरी कळायलंय का?" ते म्हणाले. "मी समोर उभा होतो. त्या माणसाच्या डोळ्यात पाहिलो मी."

"अहो, मी लिहून घेतलंय. ही बघा वही."

त्यांनी वही हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "ह्या किड्या-मुंग्या कोण वाचायचं?" त्यांचं चुकलं नव्हतं. मी लिहिताना स्वर गाळते, आकार माझ्या मनाने तोडते. माझी शॉर्टहँड आमच्या कार्यालयातल्या दुसऱ्या स्टेनोलाही कधी वाचता आली नाही. पत्राची स्थळप्रत साहेबांच्या कपाटात कुलपात होती. माझ्याजवळ पुरावा होता आणि तो जगात फक्त मला वाचता येत होता.

मी खूप विनवलं. शेवटी ते शांत होऊन म्हणाले, "बरं, उद्या बघतो." मला वाटलं, ऐकलं. मी समाधानाने भात चढवला.

आमच्या यजमानांच्या घरची रीत अशी की घरात काही शंका निघाली, वाद पडला, तर तो मनात ठेवायचा नाही. ज्याच्याबद्दल शंका त्या वडीलधाऱ्यासमोर जाऊन बसायचं आणि सरळ विचारायचं. सासरे शेतीचे वाद असेच सोडवायचे. यात कुणाची चहाडी होते असं त्यांना वाटतच नाही. उलट हा त्या माणसाचा मान.

बुधवारी सकाळी दहाला मी कार्यालयात पोचले. अंगणात साहेबांचा दरबार भरला होता, चाळीस-पन्नास माणसं सतरंजीवर बसली होती. दुसऱ्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून माझे यजमान बसले होते. मला पाहून ते हसले. काम फत्ते झाल्यासारखे हसले. त्या वेळी मला यांचा इतका राग आला होता की तसा उभ्या जन्मात आला नाही.

साहेबांनी मला खुर्ची द्यायला लावली. "अम्मा, ये तुमारे मियाँ हैं, कभी बोले नै तुम. पूछरें की मैं कारखाना बंद करने लिखा क्या. अपनी नोटबुक लाओ. पढ़ो, सबके सामने."

मी पर्समधून वही काढली. पानं उलटताना मी साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी डोळे वटारले असते तर कदाचित मी खरं वाचलं असतं, माझ्या अंगात तेवढा हट्टीपणा आहे. त्यांनी डोळा मिचकावला असता तरी चाललं असतं. पण तिथे काहीच नव्हतं. ते पुढे झुकून मोठ्या उत्सुकतेने ऐकायला बसले होते. आपण काय लिहिलं हे त्यांना खरोखरच माझ्याकडून कळणार होतं. सतरंजीच्या कडेला दोन माणसं कुणाशीही न बोलता बसली होती. टायपिस्टच्या पायरीवर बसायची ती हीच होती का, मला आजही माहीत नाही.

मी वाचलं. आधी इंग्रजीत, मग सगळ्यांना कळेल असं दखनीत. कारखाना बंद करू नये. नवी यंत्रं घ्यावीत. एकाही कामगाराला घरी पाठवू नये. साहेबांची वाक्यं उतरवून उतरवून त्यांची धाटणी माझ्या बोटांत बसली होती. ती तोंडातून भराभर येत गेली. माझं बोट खऱ्या ओळींवरून फिरत होतं आणि माझा आवाज जराही कापत नव्हता.

साहेबांचे डोळे पाणावले. "देखो, मैं बोला था ना," ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. टाळ्या पडल्या. यजमान उठून त्यांच्या पाया पडले. जाताना माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाले, "ऐकायला चुकली होतीस ना? होतं असं." दुपारी, पाचला अजून अवकाश असताना, त्यांनी घरी फॉर्म चुलीत घातला. मी अर्धी रजा टाकून आले होते, समोर उभी होते. तेव्हाही बोलू शकले असते.

पुढच्या उन्हाळ्यात कारखान्याला कुलूप लागलं. यजमान नंतर एका कॉम्प्युटर कंपनीच्या इमारतीत पहारेकरी झाले. त्यांनी मला किंवा साहेबांना कधी बोल लावला नाही. मी बदली मागून घेतली. वही फाडून टाकली.

आमच्या भागातल्या गणपतीच्या जेवणात मागे एकदा त्या साहेबांचा विषय निघाला. पुण्याहून नोकरीसाठी आलेला एक तरुण म्हणाला, असल्या लोकांनीच कामगार बुडवले. यजमानांनी हातातली वाटी खाली ठेवली. "नाही हो. त्यांनी आमच्या बाजूनेच लिहिलं होतं. वरच्यांनी ऐकलं नाही, त्याला ते काय करणार?" मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "हिनं स्वतः वाचलंय ते पत्र. विचारा हिला."

तो तरुण माझ्याकडे बघायला लागला. यजमानही बघत होते, अगदी निर्धास्त.

"हौ," मी म्हणाले, "मीच वाचलं होतं."