बँक्सियाच्या बुंध्यातल्या खुंट्या

दोरीवर अर्धेच कपडे चढले होते. चादरी आणि पोहण्याचे टॉवेल वाऱ्यावर फडफडत होते, आणि नोरीन गॅरिटी तोंडात दोन चिमटे धरून नवऱ्याच्या विजारीची दुमड उलटी करून पाहत होती. दुमडीत आजही तांबूस भुकटी होतीच. अडीच महिने झाले, दर सोमवारी ती भुकटी ब्रशनं घासून काढत होती. मागच्या शेडमधला गंज असेल, असं तिनं धरून चाललं होतं. क्लेम गुडघ्यांनी अधू झालेला. कुठे धडपडत असेल आणि बायकोपासून लपवत असेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं. त्यासाठी तिनं दोन रविवार चर्चमध्ये जादा मेणबत्ती लावली होती.

कुंपणापलीकडे वाळूचा उंचवटा, त्याच्यापलीकडे समुद्र. उंचवट्यावर तिची बँक्सियाची झाडं. अकरा. तिचीच म्हणायची, कारण सॉल्टर्स बे या एवढ्याशा वस्तीत तसंच म्हणत. सव्वीस वर्षांपूर्वीच्या वादळात समुद्रानं तो उंचवटा निम्मा गिळला, गॅरिटींच्या कुंपणाचे खांब लाटांवर तरंगत गेले. तेव्हा नोरीननं आठ बायका गोळा केल्या आणि दर शनिवारी वाळूत रोपं लावायला सुरुवात केली. त्या आठांतल्या आता दोघीच उरल्या होत्या, पण झाडं छपरापर्यंत गेली होती. करवतीसारखी कातरलेली पानं, बाटली घासायच्या ब्रशासारखी पिवळी फुलं. त्या फुलांवर मध खाणारे पक्षी पहाटेपासून भांडत. आता पक्षी नव्हते. नऊ झाडं चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी होऊन उभी होती.

“मिसेस गॅरिटी, जरा येता का? तुम्हाला बघायला हवं.”

उंचवट्यावरून पालिकेचा माणूस हाका मारत होता. नोरीननं विजार टोपलीत टाकली आणि कुंपणाच्या फटीतून वर गेली. तो दहाव्या झाडाशी उकिडवा बसला होता.

“हेही गेलं समजा. हे ताजं आहे. काल-परवाचं.”

“दहावंही?” नोरीनच्या तोंडून शापच निघायचा होता, तिनं तो गिळला. “त्या माणसाचा हात कसा धजावला असेल?”

“हात मात्र मोठा सफाईचा हो त्याचा. बाकीच्या नऊ बुंध्यांवर मीठ-चिखल चढलाय, काही दिसत नाही. आज पहिल्यांदा नीट सापडलं. एरवी लोक भोक पाडतात, विष ओततात आणि चिखल थापतात. यानं बघा, लाकडाची खुंटी ठोकलीय. नखानंसुद्धा निघेना, मला पटाशी लावावी लागली.” त्यानं ती खुंटी तिच्या तळव्यावर ठेवली. “वर सालीच्या रेघेशी खुंटीची रेघ जुळवलेली. झाडाला मारायचं, त्यात एवढी नजाकत कशाला, सांगा.”

नोरीननं ती उलटसुलट करून पाहिली. खुंटी करंगळीच्या पेराएवढी होती, कडा किंचित घासलेल्या. अशा खुंट्यांवरची धूळ ती अठ्ठेचाळीस वर्षं पुसत आली होती. जेवणाच्या टेबलावर चोवीस होत्या, पलंगावर सोळा, पाळण्यावर आठ. क्लेमनं चाळीस वर्षं जीवरक्षक मंडळाच्या होड्या बांधल्या. स्क्रू बसवला की त्यावर लाकडाची खुंटी, आणि खुंटीची रेघ फळीच्या रेघेशी जुळलीच पाहिजे. नाहीतर, तो म्हणायचा, ती होडी नव्हे, ते खोकं. किनाऱ्यावर हे काम करणारा दुसरा माणूस उरला नव्हता.

“उद्या फलक येतोय,” पालिकेचा माणूस उठत म्हणाला. “सहा मीटर रुंद, ‘इथली झाडं विष घालून मारली आहेत.’ एकोणीस नंबरच्या बरोबर समोर लावणार. आणि नोटीसही त्यांनाच. तुमच्या पत्रामुळे काम सोपं झालं. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार कुठे मिळतो आजकाल!”

एकोणीस नंबर म्हणजे गॅरिटींच्या सतरा नंबरशेजारचे काराली. दोन वर्षांपूर्वी शहरातून आले, जुनं लाकडी घर पाडून काचेचं दुमजली बांधलं. नवरा दातांचा डॉक्टर, बायको डेस्पिना. झाडं वाळायला लागली तसं गावानं डॉक्टरचं नाव घेतलं, घरातून समुद्र दिसावा म्हणून त्यानंच मारली असणार. दुसरं कोणाचं घेणार? आणि एका रविवारी नोरीन चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेहून परतल्यावर क्लेमनं खुर्चीतूनच सांगितलं होतं, “तुझा तो दातवाला आज झाडांपाशी घुटमळत होता. हातात काहीतरी होतं.” नोरीननं त्याच दुपारी पालिकेला पत्र लिहिलं. क्लेमनं पाहिलं, असं लिहायला हवं होतं. पण त्याला कशाला चौकशीला ओढा, त्याचे गुडघे हे असे, म्हणून तिनं लिहिलं, मी पाहिलं. वेळ लिहिली, सकाळी सव्वानऊ. सव्वानऊला ती चर्चच्या तिसऱ्या बाकावर गुडघे टेकून बसलेली असते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पालिकेच्या माणसाला तेवढं ठाऊक नव्हतं.

खडकात बांधलेल्या समुद्राच्या तलावावर सकाळी सहाला बायका पोहायला जमत. डेस्पिनाही यायची. पत्र गेलं त्या आठवड्यात बाकावर तिच्यासाठी कोणी सरकलं नाही. डॉट, नोरीनची जुनी मैत्रीण, जिभेची तिखट, पाण्यातूनच ओरडली होती, “बायांनो, झाडासारख्या ताठ उभ्या राहू नका हं, डॉक्टरीणबाई आल्यात! भोक पाडून घ्याल!” सगळ्या हसल्या. नोरीनही हसली.

डेस्पिना ओल्या केसांनी सरळ नोरीनपाशी आली होती. “मावशी, आमच्या वरच्या मजल्यावरून सगळा समुद्र दिसतो. तुमची झाडं आमच्या गॅलरीच्या खाली येतात. आम्ही कशाला मारू? तुम्ही एकदा वर येऊन बघा तरी.”

नोरीननं टॉवेल झटकला आणि म्हणाली, “देव बघतोय, बाई.” डेस्पिना त्यानंतर तलावावर आली नाही.

देव बघत होताच. नोरीननं एकदा डोळे वर करून एकोणीस नंबरची गॅलरी पाहिली असती, तरी झाडं तिच्या खालीच राहतात हे तिलाही दिसलं असतं.

खुंटी मुठीत घेऊन ती घरात आली. क्लेम खिडकीशी बसला होता. खुर्ची पूर्वी टीव्हीसमोर असायची, महिन्याभरापूर्वी त्यानं ती खिडकीशी ओढून घेतली होती. वाळलेल्या फांद्यांमधून पाणी दिसत होतं, आणि पाण्यावर सरावाला निघालेली एक होडी.

“डावीकडचा तिसरा वल्हेवाला आळशी आहे बघ,” तो म्हणाला. “बसलाय नुसता पोत्यासारखा. चहा आणलास?”

नोरीननं खुंटी त्याच्या बशीत ठेवली.

त्यानं ती पाहिली. उचलली, अंगठ्यानं कड चाचपली. सवयच ती. मग बशीत परत ठेवली.

“तू देवळात, मी कामावर,” तो म्हणाला. “बादली उलटी घालून बसायचो. एका झाडाला एक रविवार. गुडघ्यांनी त्याहून जास्त दिलं नाही.”

“तुझ्या गुडघ्यांसाठी मी प्रार्थना करत होते, क्लेम! त्याच वेळी!”

“मग लागू पडली म्हणायची.”

“हसू नकोस. सव्वीस वर्षांची झाडं.”

“आणि माझी चाळीस वर्षं त्या पाण्यावर गेली, त्याचं काय?” पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. “आता किनाऱ्याच्या त्या एक्केचाळीस पायऱ्या उतरता येत नाहीत मला. मागच्या हिवाळ्यात तुला दोनदा म्हटलं, नोरी, मधल्या दोन फांद्या छाटून घे, एवढंसं भोक पाड, मला होड्या दिसू देत. काय म्हणालीस? ‘फांदीला हात लावायचा नाही, देवाची झाडं आहेत.’ तुझी झाडं, तुझा देव, तुझ्या शनिवारच्या बायका. माझी ही खुर्ची. घरात बसून मी पानं मोजत होतो.”

नोरीनला ते दोन्ही वेळचं आठवलं. एकदा ती इस्त्री करत होती. मान वर न करता बोलली होती.

“म्हणून दहा मारलीस? दोन फांद्यांसाठी दहा?”

“दोनच मारली असती तर थेट आपल्याच खिडकीवर बोट आलं असतं.”

कुंपणच शेत खातंय, आणि मोजूनमापून खातंय. तिनं खुर्चीची पाठ धरली.

“आणि डॉक्टरचं नाव? त्या पोरीला बायकांनी बाकावर बसू दिलं नाही. मीही दिलं नाही.”

“त्यांना काय होतंय? उद्या दुसरीकडे बांधतील.”

“पत्रात मी लिहिलंय, मी पाहिलं.”

क्लेमनं खिडकीतून नजर काढली आणि तिच्याकडे पाहिलं. “घुटमळत होता, एवढंच मी म्हटलं. तेही खोटंच. पण ‘मी पाहिलं’ लिही, असं मी सांगितलं नव्हतं. ते तुझं तू लिहिलंस, नोरी. ते माझ्यावर नको घालूस.”

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही दहा आज्ञांतली एक नोरीननं चर्चच्या रविवारच्या वर्गात लहान मुलांकडून बारा वर्षं घोकून घेतली होती. बोटांवर मोजायला शिकवायची, म्हणजे मुलं विसरत नाहीत.

“सांगणार आहेस?” त्यानं विचारलं. आवाज पुन्हा खाली आला होता. “सांगितलंस तर फलक आपल्या खिडकीपुढे लावतील. सहा मीटर. मग पानंसुद्धा दिसणार नाहीत मला.”

“माहीत आहे.”

“झाडं काही परत येणार नाहीत त्यानं.”

“तेही माहीत आहे.”

बाहेर होडी लाटेवर चढली, एक क्षण उभी राहिली आणि पलीकडे उतरली. क्लेमची मान तिच्यामागे आपोआप वळली. नोरीननं ते पाहिलं. ते चांगलं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. कीव येत होती, आणि कीव आल्याचा रागही येत होता. तिनं बशीतली खुंटी उचलून रुमालात बांधली, चहाचा कप त्याच्या हाताशी सरकवला आणि पैशांचं पाकीट शोधायला लागली.

टोपलीत अर्धे कपडे तसेच ओले पडले होते. आंबूस वास येईल, पुन्हा धुवावे लागतील. वरच विजार होती, दुमडीत झाडाची भुकटी घेऊन.

पालिकेचं कार्यालय साडेचारला बंद होतं आणि बस दोन-दहाची होती. तिला तिथे जाऊन आपलं पत्र मागे घ्यायचं होतं आणि फलकासाठी घराचा नवा नंबर लिहून द्यायचा होता, सतरा.