मनोहरकाकांनी कॉयर उचलला

डिसेंबरात आमच्याकडे दोन गोष्टी डबे भरभरून साठतात, करंज्या आणि कॉयरचे किस्से. करंज्या नवीन वर्षापर्यंतही टिकत नाहीत. किस्से मात्र वर्षभर पुरतात, आणि त्यातले निम्मे एकट्या मनोहरकाकांचे!

* * *

भिलाईतली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी छोटीशी, चर्चचा कॉयर सोळा जणांचा. त्या वर्षी गाणी बसवणारे मास्तर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेले आणि पाळकसाहेबांनी थेट मनोहरकाकांना उभं केलं. कारण काय, तर प्रॅक्टिसला वेळेवर येणारे तेवढे एकच!

काका घाबरले. "साहेब, मले सुरातलं काही समजत नाही."

"बायबलातल्या मोशेलाही नीट बोलता येत नव्हतं, मनोहरराव. देवाने त्यालाच पाठवलं."

"त्याच्यासंग बोलाले त्याचा भाऊ होता, साहेब. माहा भाऊ गोंदियाले राह्यते!"

पाळकसाहेब हसले आणि नेमणूक झाली.

* * *

काका स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. आयुष्यभर खाली उभं राहून क्रेनला हाताने इशारे दिले. वर केबिनमध्ये क्रेन चालवायला छत्तीसगढी साहूजी, त्यांचे जिवलग.

पहिल्याच प्रॅक्टिसला काकांनी जाहीर केलं, "मास्तरसारखे हात मले जमत नाही. बोट वर करून गोल फिरवलं का उचलायचं. तळहात खाली केला का हळूहळू उतरवायचं. मूठ बंद, का जागच्या जागी थांबायचं!"

आम्ही हसून हसून बेजार! पण खरं सांगते, मास्तरांच्या हातवाऱ्यांचा अर्थ आम्हाला दहा वर्षांत लागला नव्हता. हे अर्ध्या तासात समजलं.

एकदा मी विचारलं, "काका, आवाज इतका हळू कावून उतरवता?"

"सवय आहे, बेटा. खाली माणसं असतात."

* * *

भिलाईतल्याच कोहक्यात घरोघरी नाताळची कॅरल गाताना काकांनी आम्हाला भलत्याच दारापुढे उभं केलं. तीन कडवी झाल्यावर दार उघडलं. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब!

काका ओशाळले. "जय भीम, ताई. घर चुकलं आमचं. मी नवीन आहो या कामात."

"गाणं तं नाही ना चुकलं? मग या, चहा घ्या."

निघताना ताई म्हणाल्या, "पुढच्या वर्षीबी असेच चुकजा!"

आम्ही रस्ताभर हसत होतो. काका मात्र पुढच्या प्रत्येक दारावरची पाटी दोन-दोनदा वाचत होते.

* * *

ख्रिसमसच्या सकाळी, उपासनेआधी, काका गायब! मी शोधत शोधत स्कूटर स्टँडवर गेले, तर हे हेल्मेट घालून तयार.

"मी घरी चाललो, बेटा. पंधरा जणं माह्या हाताकडे पाहून राहिले, अन् हात पाहा माहा."

हात थरथरत होता. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "प्रार्थना तरी करून जा."

हेल्मेट न काढताच त्यांनी डोळे मिटले. "देवा, साहूजीले वरून सगळं दिसत नव्हतं. माहा हात पाहूनच तो लोड उचले. आज मले काही दिसून नाही राहिलं. तू हात दाखव, मी उचलतो. आमेन."

मग हेल्मेट स्कूटरला अडकवलं आणि ते आत आले.

* * *

चर्च इतकं भरलं होतं की डिसेंबरात पंखे लावावे लागले. शेवटच्या बाकावर साहूजी, काकांच्या खास आग्रहावरून आलेले.

दुसऱ्या कडव्यात लाइट गेली. कीबोर्ड बंद, माइक बंद. आमचे सूर चार दिशांना पांगले. काकांनी मूठ बंद केली, आम्ही थांबलो. पुढे काय करायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. घामाघूम होऊन ते मंडळीकडे वळले.

शेवटच्या बाकावर साहूजींचा हात वर गेला. एक बोट, गोल गोल.

काका गर्रकन आमच्याकडे फिरले, बोट वर केलं, आणि आम्ही उचललं! कीबोर्ड नाही, माइक नाही, पण तसं आम्ही आजवर गायलो नव्हतो. काकांचा हात जरासुद्धा थरथरत नव्हता. माझे डोळे भरून आले.

नंतर फराळाच्या टेबलापाशी काकांनी साहूजींना मिठीच मारली. "भाई, आप वो इशारा नहीं करते तो मैं वहीं मर जाता!"

साहूजी करंजी खाता खाता थांबले.

"कौन सा इशारा? मैं तो पूछ रहा था, पंखा काबर बंद होगे?"