एका माणसाचा चहा

मी धावडा गाव सोडलं त्या सकाळी आमच्या घरी पाच वेळा चहा झाला. जाणार होते मी एकटी, पण निरोपाला अख्खी आळी आली होती. शेजारच्या बाया, चुलते, माझ्या वर्गातल्या दोघी-तिघी, दादांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, पूर्वी मेंढरं घेऊन हिंडलेले दोन म्हातारे. माय चुलीपुढून उठलीच नाही. दारात नवं माणूस दिसलं की ती भगुन्यात तांब्याभर पाणी ओतायची, थोडं दूध आणि साखर टाकायची. डब्यातली पत्ती केव्हाच संपली होती, त्यामुळे आधीचीच पुन्हा पुन्हा उकळत राहिली. शेवटी माझ्या हातात जी बशी आली तिच्यातला चहा जवळजवळ दुधाच्या रंगाचा होता. दादांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "फिक्का झाला आज."

मी भोकरदनच्या गाडीत बसेपर्यंत ते दुसरं काहीच बोलले नाहीत. गाडी सुटली तेव्हा त्यांनी हात केला नाही, डोक्यावरचा पटका नीट केला. मला थोडा रागच आला होता.

मी नर्स आहे. जालन्यात शिकले, संभाजीनगरच्या एका दवाखान्यात तीन वर्षं काढली, आणि मग परीक्षा, मुलाखती, व्हिसा असं सगळं पार पडून इंग्लंडातल्या समुद्रकाठच्या एका छोट्या गावात वृद्धांच्या केअर होममध्ये रुजू झाले. हे मी मागं राहिलेल्यांसाठी लिहिते आहे. आणि माझ्यासारखे जे निघून आलेत त्यांच्यासाठीही, कारण त्यांना बाकीचं सांगावं लागणार नाही.

इथं मला एका दुकानाच्या वरची खोली मिळाली. पहिल्या सकाळी मी चहा टाकला. पत्ती जालन्याहून आणलेली होती. मी पाणी ठेवलं, डबा उघडला आणि हात आपोआप आत गेला. आमच्या घरी चमचा नव्हता. माय तळहात वाकडा करून पत्ती घ्यायची, आणि तिच्या शेजारी बसून मीही तशीच शिकले होते. पण तो हात आठ-नऊ माणसांचा होता. इथं कपभर पाण्यात ती पत्ती पडली आणि क्षणात काळं पाणी झालं. दूध घातलं तरी रंग बदलेना. एक घोट घेतला, जीभ आखडली, बाकीचा सिंकमध्ये ओतला. दुसऱ्या दिवशी भीत भीत कमी टाकली तर नुसतं गरम दूध झालं. तिसऱ्या दिवशी पुन्हा कडू. बाळंतपणं करणारी, सलाइनचे थेंब मोजणारी बाई मी, मला स्वतःपुरता कपभर चहा जमेना.

चौथ्या दिवशी मायला फोन लावला.

"माय, चहाला पत्ती किती टाकायची गं?"

"माणसं किती?"

"मी एकलीच."

 

"एका माणसाचा चहा मी कधी केलाच न्हाई, पोरी," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तवापसून न्हाई. तू असं कर, दोघांचा टाक. दोघांचा मला येतो. उरलेला झाकून ठेव."

मी तसंच केलं. किती तरी महिने केलं. दोन कप पाणी, चिमटीनं पत्ती, दोन कप चहा. एक मी खिडकीपाशी उभी राहून प्यायची, दुसरा बशी झाकून ओट्यावर. संध्याकाळी ड्यूटीहून आले की त्याच्यावर साय धरलेली असायची. ती बाजूला करून मी तो गार चहा प्यायची. गरम करावासा वाटायचा नाही. गरम केला असता तर तो माझाच झाला असता, दुसऱ्या कुणासाठी ठेवला होता असं वाटायला जागा उरली नसती.

केअर होममध्ये चहा दिवसातून सहा वेळा असतो, आणि तिथं प्रश्नच नाही. माणशी एक टीबॅग, वरून उकळतं पाणी, थोडं दूध. सगळ्यांचा चहा सारखा. फक्त डोरीनबाई तो घ्यायची नाही. नव्वदी जवळ आलेली ही बाई पूर्वी शाळेत शिकवायची. तिची मुलगी ऑस्ट्रेलियात. तिच्याकडे स्वतःची चिनी मातीची किटली होती, आणि तिचा नियम ठरलेला होता: माणशी एक चमचा, आणि वर एक किटलीचा. माझा ब्रेक असला की ती मला समोर बसवायची आणि तीन चमचे मोजायची. एक तिचा, एक माझा, एक किटलीचा.

मी एकदा विचारलं, किटलीला कशाला हवा? ती म्हणाली, माहीत नाही, आई टाकायची.

मला मात्र वाटलं, हे मला ठाऊक आहे. दादा तरुणपणी सहा-सहा महिने मेंढरांमागे असायचे. वाड्यावर, म्हणजे रानात मेंढरं बसवायची तिथं, तीन दगडांवर चहा व्हायचा आणि तो नेहमी एका माणसाचा जास्त व्हायचा. "रानात चहाचा वास लांब जातो," ते सांगायचे. "कोणी तरी येतंच. आलेल्याला बिलकुल रिकाम्या तोंडानं जाऊ द्यायचं न्हाई." मी हे डोरीनबाईला माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, तुझ्याकडे कोणी येतं का. मी म्हणाले, अजून नाही.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी, सकाळच्या शिफ्टला औषधांची ट्रॉली ढकलत असताना भावाचा फोन आला. माझा धाकटा भाऊ संतोष जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीच्या ऑफिसात आहे. तो म्हणाला, "ताई, दादा गेले. शेळ्या सोडायला गेल्ते, तिथंच बसले." मी विचारलं, मी येईपर्यंत थांबाल का? मग मीच म्हणाले, नको, उरकून घ्या. ट्रॉलीवर अकरा जणांची औषधं उरली होती. ती मी दिली. एकाचीही चुकली नाही, आणि याची मला आजही लाज वाटते.

पाचव्या दिवशी मी धावड्याला पोचले. दादांची काठी दाराआड होती. माय भिंतीला टेकून बसली होती. मला बघून रडली नाही, "जेवली का?" म्हणाली. तेरवीपर्यंत शेजारपाजारच्यांनी चहा-भाकर पुरवली. त्यानंतर आमची चूल पेटली, आणि पहिल्याच दुपारी जाफराबादकडच्या बाया जीप करून भेटायला आल्या. सहा-सात जणी. मी मायला म्हणाले, तू बस, चहा मी बघते.

मी भगुनं चढवलं. कपानं मोजून पाणी घातलं. मग चमचा शोधला. संतोषच्या बायकोनं, वैशालीनं, तो कुठून तरी काढून दिला. मी माणसं मोजली आणि तेवढे चमचे टाकले, सपाट, बोटानं वरची पत्ती काढून. चहा चांगला झाला. रंगही बरोबर होता. मी गाळतच होते तर चुलते आले, त्यांच्यामागे ते दोन म्हातारे मेंढके, मग आळीतल्या आणखी तिघी. मी गाळणी हातात धरून उभी राहिले. काय करायचं ते खरंच सुचेना. पुन्हा मोजायचं का? नवं पाणी ठेवायचं का?

माय उठली. तिनं भगुनं पुन्हा चुलीवर ठेवलं, पाणी ओतलं, डब्यात हात घातला. चहा सगळ्यांना पुरला. बाया गेल्यावर ती माझ्याशेजारी बसली आणि तिनं माझा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला.

"तुझा हात एकल्याचा झाला गं," ती म्हणाली.

रागानं म्हणाली नाही. ताप आहे का बघताना बोलतात तशी बोलली. पण परतीच्या विमानात, आणि त्यानंतरही कित्येक दिवस, मला ते वाक्य सोडून दुसरं काही ऐकू येत नव्हतं. फिक्का झाला आज, असं दादा म्हणाले होते तेव्हा ते चहाबद्दल बोलत नव्हते, हेही मला त्याच प्रवासात उमगलं. पण आता ते ऐकायला दादा नव्हते.

पावसाळा सरल्यावर संतोषनं मायला जालन्याला नेलं. शेळ्या विकल्या, घराला कुलूप लागलं. तिथं फ्लॅट आहे, गॅस आहे, वैशाली चांगली मुलगी आहे. पण मी फोन केला की मायचा आवाज दबलेला असायचा. फार खोदून विचारल्यावर एकदा म्हणाली, "इथं मला कोणी चहाच टाकू देत न्हाई. हातात आयता कप देतात. मी पाहुणी हाय का?"

"कोणी नसतं तेव्हा टाक."

"कोणी न्हाई तर कोणासाठी टाकू?"

"तुझ्यासाठी."

यावर ती हसली, वेड्या पोरीला हसावं तशी.

मला कुणी घर कुठं म्हणून विचारलं तर मी अजून धावडाच सांगते. पासपोर्टवर तेच आहे. पण तिथं आता दार उघडायला कुणी नाही, आणि ही समुद्रकाठची खोली मी कधी माझी म्हटली नाही. मधल्या काळात मी समजत होते की आपलं घर उरलंच नाही. तसं नाही. ते आता फार लहान झालंय, एवढंच. आठवड्यातून एकदा, माझ्या सुट्टीच्या दिवशी, फोनवरच्या अर्ध्या तासात मावतं तेवढं.

गेल्या गुरुवारी इथं सकाळ होती आणि तिथं दुपार. संतोष, वैशाली ऑफिसला गेलेले. मायनं फोन ओट्यावर उभा केला, तिचं कपाळ तेवढं दिसत होतं. गॅस दोनदा विझला, तिसऱ्यांदा पेटला. डब्याचं झाकण वाजलं. "एकाच कपाचं पाणी ठेवलंय," ती म्हणाली. पाणी उकळायचा आवाज आम्ही दोघींनी ऐकला.

थोड्या वेळानं बशीत ओतल्याचा आवाज आला, मग फुंकर.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"लई कडू," माय म्हणाली. "थांब, फोन ठेवू नको. पिऊन राह्यले."