सोनोग्राफीचं पाणी

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पाण्याची बाटली हातात आली की मला आई आठवते. दुष्काळाचं साल होतं, भूमकडच्या आमच्या गावात चार दिवसांनी टँकर यायचा. मुतखड्याच्या कळांनी आई गुडघे पोटाशी घेऊन पडायची. एक्स-रेत काही दिसलं नाही, म्हणून तिला सोलापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "सोनोग्राफी इथं होईल, सीटी स्कॅनला पुण्याला जावं लागेल." मी सोनोग्राफीच करा म्हणालो. नर्सनं पाण्यानं भरलेला जग दिला आणि सगळं पिऊन लघवी धरून ठेवायला सांगितलं. आईनं हळूच विचारलं, "पुण्याच्या मशीनला बी एवढं पाणी प्यावं लागतं का रं?" मी हसण्यावारी नेलं आणि चहाला खाली गेलो. आलो तेव्हा जग रिकामा होता. पण तपासताना मूत्राशय भरलेलंच नव्हतं, त्यामुळं मूत्रनळीतला खडा दिसला नाही. "पाणी प्यायलात ना?" डॉक्टरांनी विचारलं. आईनं मान डोलावली. परतताना एसटीत तिच्या पिशवीतला फिरकीचा तांब्या डचमळला, तेव्हा मला कळलं. त्या पाण्यात संध्याकाळी डाळ शिजली. पुण्याला जायचं राहूनच गेलं. पुढच्या उन्हाळ्याआधी तिची किडनी गेली, आणि मागोमाग तीही. आज तपासणी माझी आहे. अर्धी बाटली प्यायलो आणि नकळत झाकण लावलं.