बांधावरची खुर्ची

आत्या गेल्याचा फोन नांदेडला आला तेव्हा मी आधी विचारलं, नक्की का? दुःखाच्या आधी शंका सुचली. तिच्या हाताखाली वाढलेला माणूस दुसरं काय करणार... लातूरच्या वाटेवरच्या तिच्या गावी पोहोचलो, अंगणात माणसं बसलेली दिसली आणि मग खात्री पटली.

आत्या पहिल्यापासून अशी नव्हती म्हणतात. भूकंपात तिचं मातीच्या छताचं माळवदाचं घर बसलं. त्याच्या थोडंच आधी गवंड्यानं भिंतीची डागडुजी करून ‘आता काही होत नाही’ असं सांगितलं होतं. ती आणि आतोबा वाचले, पण काही होत नाही असं कोणी म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडू लागली. दूधवाला, डॉक्टर, जावई, कोणी सुटला नाही.

पुढे लातूरला शिकवण्यांचं पेव फुटलं. तिथं जागा पुरेना म्हणून आत्याच्या गावाच्या कडेलाही वसतिगृहं आणि खानावळी उभ्या राहिल्या. त्यांचं सांडपाणी नाल्यात आणि नाल्याला लागून आत्याची विहीर, झेंडूचं रान. विहिरीच्या पाण्याला वास मारू लागला. बऱ्याच बोंबाबोंबीनंतर तिच्या बांधापलीकडेच मैलापाणी शुद्ध करणारं केंद्र झालं. उद्घाटनाला पाहुणे म्हणाले, आता निश्चिंत राहा. झालं, दुसऱ्याच दिवशी आत्यानं बांधावर लोखंडी खुर्ची टाकली.

हौदात हवा सोडणारं यंत्र घरघरत राहिलं तरच पाणी साफ होतं, हे तिनं तिथं यंत्र चालवणाऱ्या बालाजीकडून काढून घेतलं होतं. मेथी निवडत ती कान तिकडे लावून बसायची. घरघर थांबली की कुंपणापाशी हजर.

“बालाजी, यंत्र झोपलं का रं?”

“न्हाई आत्याबाई, चालूच करायलोय.”

साहेब पाहणीला येणार असले तरच हे लोक यंत्र चालवतात, असं तिचं ठाम मत. आम्ही हसायचो. बालाजीच्या लग्नातही तू खुर्ची घेऊन बसशील, असं मी तिला चिडवायचो. विहिरीचा वास मात्र हळूहळू गेला. मग केंद्रातलं साफ केलेलं पाणी तिनं झेंडूच्या एका वाफ्याला देऊन पाहिलं. फुलं टपोरी आली, पण सांडपाण्यावरची म्हणून ती तिनं लगेच देवाला वाहिली नाहीत. तोवर आतोबा गेले होते.

“आधी ह्यांच्या फोटूला घालू,” ती म्हणाली. “ते कधी काई बोलले न्हाईत.”

आत्याचं दिवसपाणी उरकून मी नांदेडला परतलो. काही आठवड्यांनी पुन्हा गेलो, विहिरीतून बादली ओढली आणि तोच जुना वास आला. आधी वाटलं, मनाचे खेळ. मग लक्षात आलं, बांधावर नुसती शांतता आहे. कुंपणापलीकडे बालाजी लिंबाखाली पडला होता.

मी हाक मारली नाही. आत्याची खुर्ची आडवी झाली होती, ती उभी केली, धूळ झटकली आणि बसलो. खुर्ची करकरली तसं त्यानं मान वळवून पाहिलं... माझ्याकडे नाही, खुर्चीकडे. उठला, आत गेला. घरघर सुरू झाली आणि इतके दिवस न आलेलं रडू मला तिथं आलं.

आता दर रविवारी जायचं ठरवलंय. मेथीही तिथंच निवडतो. बाकीचे दिवस यंत्र चालत असेल, याची मला बिलकूल खात्री नाही.