पहिल्या बाजूचं रेकॉर्डिंग

जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाला नवं नाव मिळालं आणि त्याच उन्हाळ्यात माझ्या मेव्हण्यानं आखातातून ती सीडी आणली. जुन्या इंग्रजी रेकॉर्डची नव्यानं रिमास्टर केलेली प्रत. मूळ एलपी माझ्याकडं सोळा वर्षं होती, पण ती माझी नव्हती. कॉलेजातल्या मित्राची होती. ती परत का केली नाही, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

दोन्ही लागोपाठ लावून ऐकल्या. सीडीवर सगळं लख्ख. ड्रम पुढं आलेला, तारेवरून सरकणारं बोटसुद्धा ऐकू येतं. एलपीत वाद्यं एका खोलीत दाटीनं बसल्यासारखी वाटतात, आणि बेस फरशीतून पायाला लागतो. तिसरं गाणं विरत जातं तिथं एलपीवर कुणाच्या तरी स्टुलाची करकर राहून गेलीय. सीडीत ती काढून टाकलीय. आवाज असा काढून टाकता येतो, हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण त्याच गाण्यांची एक कॅसेटही माझ्या कपाटात होती, आणि तिच्यावर काय आहे ते मला ठाऊक होतं.

रेकॉर्ड त्या मित्राच्या मामानं सिकंदराबादहून आणलेली. त्याच्या घरी प्लेअर नव्हता. आमच्याकडं वडिलांनी भजनांसाठी घेतलेला होता, टेपही होता. दोन्ही जोडायची वायर मात्र परभणीत मिळेना. मग आम्ही प्लेअरसमोर उशीवर माइक ठेवायचो, आणि बाजू संपेपर्यंत घरात कुणी तोंड उघडायचं नाही. हा नियम त्याचाच. आईनं भांडं आपटलं की तो कपाळाला हात लावायचा.

“मावशी, लंडनच्या गाण्यात तुमची पातेली वाजायलीत!”

“वाजू दे की. त्या बाप्यांपरीस बरी वाजतेत.”

आई हसायची. त्याला पाणी मात्र वेगळ्या पेल्यात द्यायची. ते मला दिसायचं.

तो बौद्ध, खेड्यातून कॉलेजला येणारा. आम्ही लिंगायत, वडिलांची मोंढ्यात धान्याची आडत. नामांतराचा ठराव झाला आणि जाळपोळ सुरू झाली. गल्लीतली पोरं दारोदार सांगून गेली, कुणाला घरात घेतलं तर याद राखा. वडील दुकानातून लवकर येऊन आतल्या खोलीत पडून राहायचे. अशाच एका दुपारी, दुसरं काही सुचेना म्हणून मी त्याची रेकॉर्ड लावली आणि टेप सुरू केला. दुसऱ्या गाण्यात कडी वाजली.

“मावशी, हाय का तो? माय संगं हाय माझी. वस्ती पेटवली आमची. दोन दिस राहू द्या.”

आईनं माझ्याकडं बघितलं. मी ओठांवर बोट ठेवलं. रेकॉर्डिंग चालू असताना ठेवायचो तसंच.

दार न उघडता आई म्हणाली, “न्हाई बाबा. तो वालूरला गेलाय.”

“बरं,” तो म्हणाला.

माइकनं सगळं टिपलं. मी स्वतःला सांगत राहिलो की रेकॉर्डिंग चालू होतं, बोलणार कसा? हसू येण्यासारखं कारण आहे. पण सोळा वर्षं पुरलं.

तो पुन्हा कॉलेजात दिसला नाही. पुढं रेल्वेत लागला, चुडाव्याला असतो, असं कानावर आलं होतं. सीडी ऐकली त्याच्या दुसऱ्या दिवशी एलपी आणि सीडी पिशवीत घालून मी सकाळच्या पॅसेंजरनं चुडाव्याला गेलो. कॅसेट घरीच ठेवली. क्वार्टरपुढं तो दाढी करत बसला होता. आरशातूनच त्यानं मला ओळखलं.

“आडत्याचं पोरगं! आलास व्हय वालूरहून?”

मला हसता येईना. मी रेकॉर्ड पुढं केली. त्यानं ती उन्हात तिरपी धरली, चरे बघितले.

“लय वाजवलीस.”

मी सीडी काढली. दोन्हीतला फरक सांगत सुटलो. बेस, ड्रम, ती करकर. त्यानं गालावरचा साबण पुसला.

“हेच सांगायला आलास का?”

“त्या दिवशी मी घरातच होतो.”

“माहीत हाय की. गाणं भाईर ऐकू येत होतं. माझी रेकॉर्ड तू दुसऱ्या कुणाला लावू दिली असतीस व्हय?” त्याचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. “मायला म्हणलं, रेकॉर्डिंग चालूय, मधी बोलायचं न्हाई. बाजू संपली की येतोय बघ तो. तुमच्या भिंतीला टेकून बसलो दोघं. बाजू संपली. टेपचं बटन वाजलेलं पण ऐकलं मी. उठून हुबा राहिलो.”

त्यानं वस्तरा पाण्यात बुडवून झटकला.

“मंग तू दुसरी बाजू लावलीस.”

तिथून दोघं पिंगळीपर्यंत चालत गेले होते. माय अनवाणी.

त्यानं रेकॉर्ड ठेवून घेतली, सीडी परत दिली. चहा झाला. गाडी येईपर्यंत तो प्लॅटफॉर्मवर माझ्याशेजारी उभा होता, बदल्यांविषयी बोलत.

कॅसेट अजून माझ्याकडं आहे. पहिली बाजू मी कधीच लावत नसे. दुसरी मात्र बिनधास्त ऐकत आलो. तिच्यावर गाण्यांखेरीज कुणाचाच आवाज नाही, म्हणून.