तोफेनं सांभाळलेली कात्री

आमच्या धाकट्या मावशीला घरात सगळे तोफ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं. मामाच्या शिलाईच्या दुकानात ती काज-बटणं करायची आणि गिऱ्हाइकांना वठणीवर आणायची. फक्त मामाच्या कात्रीला हात लावायची तिलाही सोय नव्हती. त्या कात्रीनं कुणी कागद कापला, तर मामा सगळी गल्ली डोक्यावर घ्यायचा.

मामी गेली आणि मामाचं बोलणं आटलं. मग एक दिवस आपणहून त्यानं ती कात्री मावशीच्या हातात ठेवली. "तुला घे. मला आता नको."

"बघ, किती जीव आहे त्याचा तुझ्यावर!" थोरली मावशी म्हणाली.

"जीव कसला? आवराआवर चाललीय त्याची." तोफ सगळ्यांदेखत मामासमोर जाऊन बसली. "दादा, जीव द्यायचं येतं का रे तुझ्या मनात?"

"अगं, अभद्र बोलू नये!" थोरली ओरडली. "नको ते भरवशील त्याच्या डोक्यात."

"ताई, तू गप्प बस. मला त्याच्याकडून ऐकायचंय."

 मामा खाली बघतच म्हणाला, "रोज येतं."

मला वाटलं, आता उपदेश सुरू होणार. ती फक्त म्हणाली, "बरं झालं सांगितलंस," आणि त्याचा हात धरून बसली. त्या 'अभद्र' शब्दाची मला आजही चीड येते. तो ऐकून ती गप्प बसली असती तर?

तिनं मामाला एकटं सोडलं नाही. दुसऱ्याच दिवशी मनाच्या डॉक्टरकडे नेलं.

"लोक काय म्हणतील?" थोरली कुजबुजली.

"म्हणू देत. उद्या खांदा द्यायला धावणारे आज दवाखान्यात सोबत बसतील का, विचार त्यांना."

 पुढच्या वेळी मात्र दवाखान्यात जायला पिशवी घेऊन थोरलीच आधी दारात उभी.

कात्री तोफेनं घरी नेली. "ठेवून घेत नाहीये. मागायला आलास की देईन."

औषधं चालू होती, वाईट दिवसही येत होते. बऱ्याच महिन्यांनी मामा तिच्या घरी आला, तर ती त्याच कात्रीनं फळीवर घालायला जुनी वर्तमानपत्रं कापत बसलेली. मुद्दाम की कसं, तिचं तिलाच ठाऊक.

"अगं भवाने! माझ्या कात्रीनं कागद?" मामा असा गरजला की शेजारच्या खिडक्या उघडल्या.

तोफेला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिनं पदरानं कात्री पुसून त्याच्यापुढे धरली.

"घे. आणि धार तूच लाव आता."